दहशतवादाकडे वळण्याच्या कारणांचे सिद्धांत

व्यक्ती किंवा गट राजकीय, धार्मिक अथवा वैचारिक हेतूने सामान्य नागरिकांवर हिंसा करण्यास का व कसे प्रवृत्त होतात, याची उपपत्ती मांडणाऱ्या विचारांना दहशतवादाकडे वळण्याच्या कारणांचे सिद्धांत असे म्हणतात. मानसशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र व राज्यशास्त्र या चारही विद्याशाखांनी या प्रश्नाचा विचार केला आहे. आरंभीचे अभ्यासक दहशतवाद्याच्या स्वभावात किंवा त्याच्या दारिद्र्यात कारण शोधत असत. पुढे संघटना, मैत्रीसंबंध, विचारप्रणाली आणि राज्यसंस्थेचे वर्तन यांकडे लक्ष वळले. कोणतेही एकच कारण पुरेसे नसते, याविषयी आज अभ्यासकांत बहुतांशी एकमत आहे. कारण समजून घेणे म्हणजे कृत्याचे समर्थन करणे नव्हे, हा भेद या अभ्यासात मूलभूत मानला जातो.

संज्ञा व व्याख्या

‘दहशत’ हा शब्द फारसीमार्गे मराठीत आला. भीती, धाक, जरब अशा त्याच्या अर्थच्छटा आहेत. दहशतवादात प्रत्यक्ष बळी पडणारी माणसे आणि ज्यांच्यावर परिणाम घडवायचा ते लोक वेगवेगळे असतात. बाजारात स्फोट होतो तेव्हा मरणारे काही मोजके असतात, परंतु संदेश साऱ्या समाजाला किंवा सरकारला उद्देशून असतो. या वैशिष्ट्यामुळे दहशतवाद हा सामान्य गुन्हेगारीपासून वेगळा ओळखला जातो.

दहशतवादाची सर्वमान्य आंतरराष्ट्रीय व्याख्या नाही. भारताने १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांत यासंबंधीच्या सर्वसमावेशक कराराचा प्रस्ताव मांडला, पण व्याख्येवरील मतभेदांमुळे तो मान्य होऊ शकलेला नाही. भारतीय कायद्यात बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियम, १९६७ याच्या कलम १५ मध्ये आणि भारतीय न्याय संहिता, २०२३ याच्या कलम ११३ मध्ये दहशतवादी कृत्याची व्याख्या आढळते.

कोणाला दहशतवादी म्हणावे, हे पुष्कळदा म्हणणाऱ्याच्या स्थानावर अवलंबून राहिले आहे. २२ जून १८९७ रोजी पुण्यात चापेकर बंधूंनी प्लेग कमिशनर रँड याच्यावर गोळ्या झाडल्या. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकमध्ये अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन याचा वध केला. ब्रिटिश सरकारच्या लेखी हे अराजकी गुन्हे होते, तर मराठी समाजाने त्यांना क्रांतिकारक मानले. असहकाराच्या काळातील मराठी लेखनात अहिंसक या अर्थाने ‘अनत्याचारी’ हा शब्द रूढ होता. यावरून राजकीय हिंसेला त्या वेळी ‘अत्याचार’ असेही म्हटले जात असे, हे लक्षात येते. व्याख्येतील या वादामुळे अनेक अभ्यासक उद्दिष्ट न्याय्य होते की नाही, हा प्रश्न बाजूस ठेवतात आणि हल्ला कोणावर व कोणत्या पद्धतीने झाला, हा निकष वापरतात. नि:शस्त्र नागरिकांना हेतुपुरस्सर लक्ष्य करणे हा त्या निकषाचा गाभा होय.

मानसशास्त्रीय सिद्धांत

मनोविकृतीचा सिद्धांत : दहशतवादी हा मनोरुग्ण असला पाहिजे, ही लोकप्रिय समजूत आहे. १९७० च्या दशकातील काही लेखनात तिला आधारही मिळाला. तथापि मार्था क्रेन्शॉ, अँड्र्यू सिल्क, जॉन हॉर्गन आदी अभ्यासकांनी दाखवून दिले, की संघटनांत सामील झालेली बहुसंख्य माणसे मानसिकदृष्ट्या सामान्य असतात. गुप्त संघटनांना अस्थिर मनाचा माणूस धोक्याचा वाटतो आणि त्या त्याला सहसा दूर ठेवतात. एकट्याने हल्ला करणाऱ्यांत मात्र मानसिक आजाराचे प्रमाण तुलनेने अधिक आढळते, असे नंतरच्या अभ्यासांतून पुढे आले.

वैफल्य-आक्रमण सिद्धांत : जॉन डोलार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये असे मांडले, की ध्येयाच्या वाटेत अडथळा आला की वैफल्य येते आणि वैफल्यातून आक्रमकता उद्भवते. हा सिद्धांत सोपा असला तरी अपुरा आहे. वैफल्य कोट्यवधी लोकांच्या वाट्याला येते, परंतु त्यांतील फारच थोडे शस्त्र उचलतात.

नैतिक बंधने शिथिल होणे : अल्बर्ट बँडुरा यांच्या मते माणूस आपली नीती सोडून हिंसा करतो असे नाही, तर तो त्या नीतीला विशिष्ट प्रसंगापुरती बाजूस सारतो. हत्येला ‘कारवाई’ म्हणणे, जबाबदारी वरिष्ठांवर किंवा परिस्थितीवर ढकलणे, शत्रूने याहून वाईट केले असे सांगणे आणि बळी पडणाऱ्याला माणूस न मानता कीड, गद्दार किंवा काफर ठरवणे, या त्याच्या युक्त्या होत. यांतील शेवटची पायरी सर्वांत घातक मानली जाते.

महत्त्वाच्या शोधाचा सिद्धांत : आर्ये क्रुग्लान्स्की व सहकाऱ्यांनी असे प्रतिपादन केले, की आपल्या जगण्याला काही मोल असावे ही प्रत्येकाची मूलभूत गरज आहे. अपमान, अपयश किंवा समाजाची अवहेलना यांमुळे ती दुखावली जाते. त्याच वेळी हिंसेतून प्रतिष्ठा मिळेल असे सांगणारे कथन आणि त्याला दाद देणारे सोबती भेटले, तर व्यक्ती त्या मार्गाला लागण्याचा संभव वाढतो. गरज, कथन आणि सोबत हे या सिद्धांताचे तीन घटक होत.

सामाजिक व आर्थिक सिद्धांत

दारिद्र्य व निरक्षरता ही दहशतवादाची मुळे आहेत, असे राजकीय भाषणांतून वारंवार सांगितले जाते. ॲलन क्रूगर व जित्का मालेच्कोव्हा यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पश्चिम आशियातील माहिती तपासून दारिद्र्य व दहशतवाद यांत थेट संबंध आढळत नाही, असा निष्कर्ष काढला. हल्ल्यांत भाग घेणारे पुष्कळदा आपल्या समाजातील सरासरीपेक्षा अधिक शिकलेले व सुस्थितीतले होते.

याहून अधिक टिकाव धरलेला विचार म्हणजे सापेक्ष वंचिततेचा सिद्धांत. टेड रॉबर्ट गर यांनी १९७० मध्ये तो सविस्तर मांडला. माणसाला प्रत्यक्षात किती मिळते, याला या सिद्धांतात दुय्यम स्थान आहे. आपल्याला जे मिळायला हवे असे वाटते आणि जे मिळू शकेल असे दिसते, या दोहोंतील अंतर असंतोष निर्माण करते. हे अंतर दोन प्रकारांनी वाढते. अपेक्षा वाढतात व संधी तिथेच राहतात, किंवा हाती असलेले स्थान निसटू लागते. दुसरा प्रकार महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे सत्ताधारी किंवा प्रतिष्ठित गटही हिंसेकडे का वळतात, याचा उलगडा होतो.

विवेकी निवडीचा सिद्धांत

या सिद्धांतानुसार दहशतवाद ही उद्दिष्ट, साधने व परिणाम यांचा हिशेब करून निवडलेली रणनीती आहे. लहान गटाकडे सैन्य नसते, जनाधार अपुरा असतो, म्हणून तो कमी खर्चात मोठा परिणाम देणारे साधन निवडतो. मार्था क्रेन्शॉ यांनी १९८१ च्या निबंधात दीर्घकालीन पूर्वस्थिती आणि तात्कालिक निमित्त असा भेद केला. चापेकर प्रकरणाला हा भेद लावता येतो. परकीय सत्ता ही पूर्वस्थिती होती, तर प्लेगच्या काळात सैनिकांकडून झालेली घरझडती हे निमित्त होते.

रॉबर्ट पेप यांनी १९८० ते २००३ या काळातील ३१५ आत्मघातकी हल्ल्यांचा अभ्यास करून, यांमागे धर्मापेक्षा परकीय सैन्याचा ताबा हटवण्याचे उद्दिष्ट अधिक दिसते, असे प्रतिपादन केले. त्यांच्या निवडीवर व निष्कर्षांवर पुढे बरीच टीका झाली. स्कॉट अॅट्रन यांनी उलट बाजू मांडली. काही मूल्ये माणसाला इतकी पवित्र वाटतात, की त्यांच्याबाबत तो नफातोट्याचा हिशेबच करीत नाही.

गट व संबंधांचे जाळे

मार्क सेजमन यांनी २००४ मध्ये १७२ व्यक्तींच्या माहितीवरून असे दाखवले, की बहुतेक जण मित्र किंवा नातेवाईक यांच्या ओळखीतून चळवळीत आले. विचारप्रणालीची ओढ पुष्कळदा नंतर निर्माण झाली. इटली व जर्मनी येथील डाव्या गटांचा अभ्यास करणाऱ्या दोनातेल्ला देल्ला पोर्ता यांनीही स्नेहसंबंधांचे महत्त्व अधोरेखित केले. आंदोलनावरील पोलिसी दडपशाही आणि भूमिगत जीवन यांमुळे लहान गट जगापासून तुटतो व अधिकाधिक टोकाला जातो, असे त्यांचे निरीक्षण आहे. एकदा आत गेल्यावर बाहेर पडण्याचा मार्ग अवघड होतो. साथीदारांवरील निष्ठा, खटल्यांची भीती आणि संघटनेकडून होणारी शिक्षा ही माणसाला धरून ठेवतात.

टप्प्यांची प्रारूपे

फताली मोघद्दम यांनी २००५ मध्ये जिन्याचे रूपक मांडले. तळमजल्यावर अन्यायाची भावना असलेले असंख्य लोक असतात. पहिल्या मजल्यावर ते सुधारणेचे मार्ग शोधतात. दुसऱ्यावर राग एखाद्या शत्रूकडे वळवला जातो. तिसऱ्यावर संघटनेची नीती पटू लागते. चौथ्यावर ‘आपण’ आणि ‘ते’ असे जगाचे दोन भाग पडतात. पाचव्या मजल्यावर प्रत्यक्ष कृत्य घडते. प्रत्येक मजल्यावर बहुतेक लोक थांबतात. वर जाताना मोकळी दारे कमी होत जातात.

क्लार्क मॅककॉली व सोफिया मोस्कालेन्को यांनी मतांचा मनोरा आणि कृतीचा मनोरा वेगळा करावा, असे सुचवले. टोकाची मते बाळगणारे बहुसंख्य लोक कधीही हिंसा करीत नाहीत. उलट हिंसा करणाऱ्या काहींची मते फारशी पक्की नसतात. जॉन हॉर्गन यांनी ‘का’ या प्रश्नाऐवजी ‘कसा’ हा प्रश्न विचारावा आणि प्रवेश, सहभाग व बाहेर पडणे या तिन्ही अवस्थांची कारणे स्वतंत्रपणे शोधावीत, असे म्हटले.

महाराष्ट्रातील उदाहरणे

रझाकार : ‘रझाकार’ याचा शब्दार्थ स्वयंसेवक असा आहे. हैदराबाद संस्थानातील मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या संघटनेचे हे सशस्त्र दल होते. त्याचा प्रमुख कासिम रझवी हा लातूरला वकिली करीत असे. लातूर त्या काळी उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात होते. राज्याश्रय लाभलेल्या दलाला दहशतवादी संघटना म्हणावे की निमलष्करी दल, याविषयी व्याख्येनुसार उत्तर बदलते. परंतु गावांवर हल्ले, लूट, खून व जाळपोळ करून प्रजेवर जरब बसवणे ही त्याची पद्धती होती.

संस्थानात बहुसंख्य प्रजा हिंदू होती, तर राजा व उच्च अधिकारीवर्ग मुख्यत्वे मुस्लिम होता. बहादूर यार जंग यांच्या काळात मजलिसने ‘अनल मलिक’, म्हणजे संस्थानातील प्रत्येक मुसलमान हा सत्ताधीश आहे, ही कल्पना रुजवली. १९४७ नंतर लोकशाही व विलीनीकरण जवळ येताच हे स्थान जाण्याची भीती निर्माण झाली. हाती असलेले निसटण्याची जी अवस्था गर यांनी वर्णिली आहे, तिचे हे ठळक उदाहरण होय. तरीही ही भीती सर्वांना हिंसेकडे घेऊन गेली नाही. भारतात विलीन होण्याचा पुरस्कार करणारे ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत हत्या झाली. संघटनेचे बळ, शस्त्रे आणि शासनाची मूक संमती यांची जोड मिळाली, तिथे असंतोषाचे रूपांतर हिंसेत झाले.

विरुद्ध बाजूसही शस्त्रे होती. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील स्टेट काँग्रेसने सरहद्दीवर शिबिरे चालवली. तेथील तुकड्या निजामाच्या करोडगिरी नाक्यांवर व ठाण्यांवर हल्ले करीत. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँक लुटून चळवळीसाठी पैसा उभारण्यात आला. निजामाच्या दृष्टीने हे बंडखोर व लुटारू होते. स्वतंत्र भारताने त्यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान्यता दिली. लक्ष्य शासकीय ठाणे होते की निरपराध गावकरी, हा निकष इथे उपयोगी पडतो.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून संस्थानात शिरले आणि पहिली लढत अणदूरजवळील नळदुर्ग येथे झाली. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतर रझाकारांच्या अत्याचारांचा सूड सर्वसामान्य मुस्लिम नागरिकांवर उगवला गेला. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने मृतांची संख्या २७ ते ४० हजार असावी, असा अंदाज दिला आणि सर्वाधिक झळ पोहोचलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचा समावेश केला. एका गटाने केलेल्या हिंसेची शिक्षा त्या गटाच्या साऱ्या समाजाला देण्याची ही वृत्ती सूडचक्राच्या सिद्धांतात मध्यवर्ती मानली जाते.

मुंबई, १९९३ : १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत झालेल्या साखळी स्फोटांत २५७ लोक मृत्युमुखी पडले. त्यापूर्वी डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मधील दंगलींत सुमारे ९०० लोक मारले गेले होते. श्रीकृष्ण आयोगाने हे स्फोट अयोध्या व मुंबई येथील त्या घटनांची प्रतिक्रिया होते, असा निष्कर्ष १९९८ मध्ये नोंदवला. मात्र सूडाची भावना एकटी स्फोट घडवू शकली नसती. रायगडच्या किनाऱ्यावर शस्त्रे व आरडीएक्स उतरवण्यासाठी तस्करीचे जुने जाळे वापरले गेले. विशेष टाडा न्यायालयाने दोषी ठरवलेल्या शंभर जणांत पोलीस व सीमाशुल्क खात्यातील कर्मचारीही होते. त्यांचे कारण श्रद्धा किंवा सूड नसून पैसा हे होते. एकाच कटात सामील होणाऱ्यांची कारणे किती भिन्न असतात, याचा हा नमुना आहे.

२६ नोव्हेंबर २००८ : मुंबईवरील या हल्ल्यात १६६ जणांचा बळी गेला. जिवंत पकडलेला अजमल कसाब हा पाकिस्तानातील फरीदकोट गावच्या गरीब कुटुंबातला, अल्पशिक्षित मजूर होता. त्याला २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली. याच हल्ल्यासाठी मुंबईची टेहळणी करणारा डेव्हिड हेडली हा अमेरिकी नागरिक असून त्याची आई अमेरिकी, तर वडील पाकिस्तानी नभोवाणीशी संबंधित होते. एक अभावातून आला, तर दुसरा दोन देशांच्या सुस्थित जगातून. दारिद्र्याचा सिद्धांत पहिल्याला लागू पडतो असे वाटते, पण दुसऱ्यापाशी तो थांबतो. दोघांना जोडणारा दुवा लष्कर-ए-तय्यबा ही संघटना होती.

गडचिरोली : माओवादी चळवळीने १९८० च्या दशकात आंध्रातून येऊन गडचिरोलीच्या जंगलात मूळ धरले. बांबू व तेंदूपत्त्याची मजुरी, वनखात्याचा जाच आणि जमिनीचे हक्क हे स्थानिक आदिवासींच्या असंतोषाचे विषय होते. नेतृत्वात मात्र सुशिक्षित माणसे आढळतात. मुंबईत शिकलेल्या व नागपुरात अध्यापन केलेल्या अनुराधा गांधी हे त्याचे उदाहरण होय. त्यांचे २००८ मध्ये भूमिगत अवस्थेत निधन झाले. नेत्यांना विचारप्रणाली खेचते, गावातील तरुणांना मात्र परिसरातील अन्याय, ओळखीचे लोक किंवा धाक आत नेतो. १ मे २०१९ रोजी जांभुळखेडा येथील भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस व त्यांच्या वाहनाचा चालक मारला गेला. याच जंगलात पोलिसांचे खबरे ठरवून आदिवासींच्याच हत्या झाल्या, ही बाब वर्गमुक्तीच्या कथनाशी विसंगत ठरते.

कल्याण, २०१४ : मे २०१४ मध्ये कल्याणमधील चार तरुण यात्रेकरूंच्या गटासोबत इराकला गेले व तथाकथित इस्लामिक स्टेट संघटनेत सामील झाले. ते शिकलेले व मध्यमवर्गीय होते. त्यांपैकी एक जण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परतला. मित्रांचा लहानसा गट आणि इंटरनेटवरील प्रचार यांचा मिलाफ सेजमन यांच्या मांडणीशी जुळतो.

टीका व मर्यादा

बहुतेक सिद्धांतांवर एक समान आक्षेप घेतला जातो. ते दहशतवादी झालेल्यांचाच अभ्यास करतात. त्याच गल्लीत, त्याच घरात वाढलेल्या व तसाच अपमान सोसलेल्या, परंतु हिंसेकडे न वळलेल्या माणसांशी तुलना फारच कमी वेळा होते. त्यामुळे जे घटक कारण म्हणून सांगितले जातात, ते असंख्य शांत माणसांतही आढळतात. या घटकांवरून कोण दहशतवादी होईल याचे भाकीत करणे अशक्यप्राय आहे. तसा प्रयत्न केल्यास निरपराध लोक संशयाच्या घेऱ्यात येतात.

दुसरी मर्यादा माहितीच्या विश्वासार्हतेची आहे. तपास यंत्रणांची टिपणे, कबुलीजबाब व बातम्या यांवर आधारलेले निष्कर्ष खटल्याच्या निकालाने कोसळू शकतात. ८ सप्टेंबर २००६ च्या मालेगाव स्फोटांप्रकरणी प्रथम अटक झालेल्या मुस्लिम आरोपींना २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने दोषमुक्त केले. ११ जुलै २००६ च्या मुंबई लोकल स्फोटांतील सर्व १२ आरोपींना मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सोडले. या निकालाचा इतर खटल्यांत दाखला म्हणून वापर करण्यास सर्वोच्च न्यायालयाने त्याच आठवड्यात स्थगिती दिली. २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटातील सातही आरोपी ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयातून निर्दोष सुटले. त्यांत हिंदुत्ववादी संघटनांशी संबंधित व्यक्ती होत्या. आरोपी म्हणजे अपराधी, असे गृहीत धरून एखाद्या समाजाविषयी सिद्धांत रचणे किती धोक्याचे आहे, हे या तिन्ही खटल्यांवरून दिसते. निर्दोष सुटलेल्यांची वर्षे वाया जातात आणि मृतांच्या कुटुंबांना खरे अपराधी कोण याचे उत्तर मिळत नाही.

तिसरा आक्षेप असा, की हे सिद्धांत बिगरसरकारी गटांवर केंद्रित असून राज्यसंस्थेने किंवा तिच्या आश्रयाने केलेली हिंसा त्यांत क्वचितच येते. रझाकारांसारखी उदाहरणे त्यामुळे अभ्यासाच्या परिघाबाहेर राहतात.

प्रतिबंध व पुनर्वसन

कारण कोणते मानले जाते, यावर उपाय ठरतो. विवेकी निवडीच्या सिद्धांतातून कडक पहारा व शिक्षा, सापेक्ष वंचिततेच्या सिद्धांतातून विकास व प्रतिनिधित्व, तर जाळ्याच्या सिद्धांतातून कुटुंब व मित्रांच्या मदतीने परतीची वाट हे उपाय सुचतात. महाराष्ट्र शासनाने २००५ पासून नक्षलवाद्यांसाठी आत्मसमर्पण योजना राबवली असून तीत आर्थिक साहाय्य व पुनर्वसनाची तरतूद आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी पक्षाचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती याने गडचिरोलीत ६० साथीदारांसह शस्त्रे खाली ठेवली.

संघटना सोडणे आणि विचार बदलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे हॉर्गन यांनी दाखवले आहे. थकवा, भ्रमनिरास, आजारपण, विवाह किंवा मुलांची ओढ यांमुळे माणूस हिंसा सोडतो, तरी त्याची मते तशीच राहू शकतात. म्हणून पुनर्वसनाचे यश मतांवरून न मोजता तो पुन्हा शस्त्र उचलतो की नाही, यावरून मोजावे, असे मत अनेक अभ्यासक मांडतात.